बाबांच्या कॅसेटवरची कव्वाली

घुग्घुसच्या क्वार्टरमधलं कपाट आवरताना बाबांची कॅसेट सापडली आणि माझ्या मुठी आवळल्या गेल्या.

शाळेत असताना मी आणि माझा मित्र सुधाकर कॅसेटी जमवायचो, कोणाची भारी यावर भांडायचो, अदलाबदल करायचो. जपायच्या कॅसेटची मागची पत्ती तोडायची, म्हणजे तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही, हे दोघांनाही ठाऊक.

एकदा त्यानं परत केलेली ही कॅसेट लावली, तर बाबांनी गावच्या दंडारीच्या खेळात गायलेल्या गाण्याच्या जागी कव्वाली वाजली. बाबा नुकतेच गेले होते. मी टेपरेकॉर्डरच उचलून त्याच्या कानावर हाणला.

"पत्ती होती ना बे, मले कोरी वाटली," तो रडत म्हणाला. पत्ती मी तोडलीच होती, हा खोटं बोलतो म्हणून आणखी लाथा घातल्या. त्या कानानं त्याला अजूनही ऐकू येत नाही.

आज पहिल्यांदा कॅसेट उलटून पाहिली. पत्ती शाबूत आहे.