ताईची हॉटेलांची वही

माझी ताई दातांच्या दवाखान्यातल्या खुर्च्या दुरुस्त करते. खुर्ची वर जाईना, खाली येईना, पेशंट तोंड उघडून मधेच लटकलाय, असा फोन आला की ती बॅग उचलून निघते. महिन्यातले वीस दिवस परगावी. पूर्वी ती माझा दादा होती. घर सोडून गेल्यावर चार वर्षं तिचा पत्ता नव्हता. मग एक दिवस आईनं मला बोलावून सगळं समजावलं आणि आतल्या खोलीतून ताई बाहेर आली. मी तिथल्या तिथे तिला ताई म्हणालो. याचा मला फार अभिमान होता, चारचौघांत मी तो किस्सा रंगवून सांगायचो.

मी राहण्याचं हॉटेल चालवतो. बावीस खोल्या, स्वच्छ चादरी, सज्जन गिऱ्हाईक. गेल्या महिन्यात ताईला आमच्या गावात आठवडाभराचं काम निघालं. एरवी ती आमच्या घरी उतरते, पण घरात रंगकाम चालू होतं, पलंग भिंतीपासून ओढून मधोमध आणलेले. मी म्हणालो, "हॉटेलवर राहा. सगळ्यात चांगली खोली देतो."

"नको रे. स्टेशनजवळच्या लॉजवर बरी आहे मी."

माझं डोकं फिरलं. सख्ख्या भावाचं हॉटेल सोडून ही त्या कळकट लॉजवर जाणार, आणि लोक मला नावं ठेवणार. तसं मी तिला सुनावलंही. भडकलो की माझा तोंडावर ताबा राहत नाही.

तिनं वाद घातला नाही. बॅगेतून, पाने-पकडींच्या खालून, एक जाड वही काढून माझ्या हातात दिली. गावागणिक हॉटेलं, फोन नंबर आणि शेरे. "गादी दगड, माणसं सोनं." "मालकीण चहा पाठवते, प्रश्न विचारत नाही." "दोनदा दार वाजवून कागद मागितले. पुन्हा नाही." शेवटच्या रकान्यात नाचायच्या जागा. दिवसभर खुर्चीखाली वाकून काम केल्यावर नाचल्याशिवाय कंबर मोकळी होत नाही, असं तिचं म्हणणं. तिथेही शेरे होतेच. "दारावरचा पहिलवान हसून आत सोडतो." "गाणी भंगार, पण बायकांच्या बाथरूमशी कुणी अडवत नाही." मी हसत हसत वाचत होतो आणि हळूहळू हसू विरलं. एक खोली मिळवायला माणसाला एवढा अभ्यास करावा लागतो, हे वीस वर्षं या धंद्यात राहून मला ठाऊक नव्हतं.

"माझ्या हॉटेलचं पान कुठाय?" मी विचारलं.

"आधी फोन लावते. सगळीकडे लावते तसाच. तू मधे बोलायचं नाहीस."

तिनं स्पीकर चालू केला. पलीकडे माझी रिसेप्शनची मुलगी. तिला मी स्वतः तयार केलंय, आवाजात नुसता मध.

"आजपासून एक खोली हवी होती," ताई म्हणाली. "एकटीच आहे."

"हो मॅडम, आहे ना."

"एक सांगून ठेवते. मी ट्रान्स बाई आहे. ओळखपत्रावर जुनं नाव आहे, फोटोही जुना. चालेल ना?"

पलीकडे रजिस्टरची पानं उलटल्याचा आवाज. मग तोच मध. "माफ करा हं, आत्ताच बघितलं, सगळ्या खोल्या भरल्यात. पुढच्या वेळी सेवेची संधी नक्की द्या."

नऊ खोल्या रिकाम्या होत्या. सकाळी मीच फिरून बघितल्या होत्या. मी फोनवर झडप घातली.

"आत्ताच्या आत्ता घरी पाठवतो तिला."

ताईनं फोन माझ्या हातातून काढून घेतला. "तिला कशाला बोलतोस? तिला शिकवलंय तेच ती बोलली. शेवटचं वाक्य तर शब्दन् शब्द तुझं आहे."

"तुला काय माहीत?"

तिनं वहीचं पहिलं पान उघडलं. तारीख आठ वर्षांपूर्वीची, म्हणजे आईनं मला बोलावलं त्याच्या वर्षभर आधीची. वर माझ्या हॉटेलचं नाव. खाली लिहिलं होतं, "आज पहिल्यांदा बाई म्हणून धाकट्याला भेटायला गेले. काउंटरवर तोच होता. खोली मागितली. सगळ्या भरल्यात म्हणाला, पुढच्या वेळी सेवेची संधी नक्की द्या म्हणाला. मागून आलेल्या जोडप्याला किल्ली दिली."

ते पान मी दोनदा वाचलं.

"ताई, शपथ सांगतो, मी तुला ओळखलं नव्हतं ग."

बोललो आणि मला जरा हायसं वाटलं. तिचा चेहरा मात्र खर्रकन उतरला.

"ओळखलं नव्हतंस?"

"नाही."

"मी इतकी वर्षं धरून चालले की ओळखलंस आणि घाबरलास. आईसमोर ताई म्हणालास, तेव्हा वाटलं, हा त्याच्या पद्धतीनं माफी मागतोय. म्हणून मी विषय सोडून दिला." तिनं वही मिटली. "तुझ्या लेखी काही घडलंच नव्हतं की रे."

तिनं लॉजवाल्या काकांना फोन लावला. तिकडून कुणीतरी, "या ताई, खोली झाडून ठेवलीय," म्हणाल्याचं मला ऐकू आलं. मी आठवत बसलो. ते वाक्य मी कितीतरी जणांना ऐकवलं होतं, गोड आवाजात, नजर रजिस्टरवर ठेवून. त्यांतली एक माझी ताई होती. तिचा चेहरा मला आठवला नाही, आणि बाकीच्यांचाही नाही.