वाक्यात उपयोग

आमच्या मराठीच्या बाईंना वाक्प्रचाराचा नुसता अर्थ सांगितलेला चालत नसे. "अर्थ सगळ्यांले येते," त्या म्हणत, "उपयोग कोणं केला, कधी केला, ते सांग." गाइडमधलं वाक्य दिसलं की त्यावर लाल काट. वाक्य घरातलं हवं आणि खरं हवं.

आठवीत 'डोक्यात राख घालणे' आलं. रागाच्या भरात अविचार करणे, हा अर्थ फळ्यावर होताच. मी लिहिलं, 'बाबांनी डोक्यात राख घालून सायकल विहिरीत टाकली.' बाईंनी खाली विचारलं, 'पुढे?' मी उत्तर लिहिलं, 'पुढे बाबा महिनाभर शेतात पायी गेले.' वाचून दाखवलं तेव्हा वर्ग खो खो हसला. बाई हसल्या नाहीत. "सायकलीनं काय केलं होतं?" एवढंच म्हणाल्या. आम्ही त्यांचं नाव 'पुढेवाल्या बाई' पाडलं.

बाई निवृत्तीला आल्या तेव्हा तळेगावातल्या त्याच शाळेत माझी मुलगी त्यांच्याच वर्गात शिकत होती. एका दुपारी ती सुजलेलं मनगट घेऊन घरी आली. "कोणं मारलं? बाईनं काय?" मी ओरडलो. तिनं रडत होकारार्थी मान हलवली.

मी तिला तसंच गाडीवर बसवलं, दोन मित्र घेतले आणि भर वर्गात शिरलो. टेबल उलथवलं. ज्यांनी मला चार ओळी धड लिहायला शिकवलं, त्यांना पोरांदेखत 'चल, बाहेर निघ' म्हणालो. एक मित्र मोबाइलवर सगळं टिपत होता. "बाबू, शांत हो. पाणी पे," बाई म्हणाल्या. मग त्यांनी माझ्या मुलीकडे एकदा पाहिलं आणि गप्प राहिल्या. मला तो गुन्ह्याचा कबुलीजबाब वाटला.

व्हिडिओ संध्याकाळपर्यंत गावभर फिरला. चार दिवसांनी बायकोनं पोरीकडून खरं काढलं. मधल्या सुट्टीत ती मैत्रिणीच्या स्कूटीवरून पडली होती. मी चिडेन या भीतीनं तिनं माझ्याच प्रश्नाला होकार दिला होता.

मी हे गावात कुणालाही सांगितलं नाही. शाळेत चौकशी झाली तेव्हा 'माझी तक्रार नाही' असं लिहून दिलं. काय घडलं होतं ते लिहिलं नाही. बाई रजेवर गेल्या त्या परतल्याच नाहीत. निरोप समारंभही झाला नाही.

वर्षभरानं हिय्या करून गिरडला त्यांच्या बहिणीकडे गेलो. बाईंनी बसवलं, चहा दिला. मी चाचरत माफीला सुरुवात केली, तर म्हणाल्या, "मले माहीत होतं. पडल्यावर ती पहिले माझ्याकडेच आलती. मीच ओला रुमाल बांधून दिला."

"मग वर्गात काऊन नाई सांगितलं, बाई?"

"तुम्ही टेबल उलथून राह्यलते. मी बोलली असती, तर तुम्ही तिच्यावर धावले असते."

त्या भर वर्गातल्या तमाशातही बाईंनी मला 'तू'च म्हटलं होतं. इथं शेवटपर्यंत 'तुम्ही' सुटलं नाही. मी उठलो. त्या दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "पोरीले पाठवजा एखाद दिवशी. एकटीले."