भोंगा बंद, थेंब चालू

आमच्या दवाखान्यातली आम्ही जुनी मंडळी अजून वर्षातून एकदा भेटतो. चहा येईपर्यंत सगळे एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करतात. चहा आला की कुणीतरी म्हणतं, "बाई, ते परबांचं सांगा ना!" झालं! मग घरी जायची कुणाला आठवण राहत नाही. किस्से जमवायला मी कधी गेले नाही हो. दर सोमवारी तेच टेबलापलीकडे येऊन बसायचे, आणि मी बाटल्या भरता भरता ऐकायचे.

परळच्या एका धर्मादाय डोळ्यांच्या दवाखान्यात मी औषधं द्यायचे. काळ संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा. सोमवार हा काचबिंदूवाल्यांचा वार. काचबिंदू म्हणजे डोळ्याच्या आत दाब वाढतो. बहुतेकांना दुखत नाही, खुपत नाही, आणि नजर कडेकडेने गुपचूप कमी होत जाते. दाब उतरवायला थेंब, दिवसातून चार वेळा, जन्मभर. ते देणारी मी, म्हणून घोडपदेवपासून शिवडीपर्यंत माझं नाव पडलं 'थेंबवाल्या बाई'. माझ्या सासूबाईसुद्धा रागावल्या की तसंच म्हणायच्या.

तुकाराम परब लालबागच्या चाळीत राहायचे. गाव मालवणकडचं, काम गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर. आमच्याकडे आले तेव्हा डावा डोळा संपूर्ण गेलेला होता. उजवा तेवढा शिल्लक, आणि त्यातही दाब चढलेला.

आमचे डॉक्टर गिरगावातले, बोलणं मोजकं. ते म्हणाले, "परब, गेलेला डोळा मी परत आणू शकत नाही. राहिलेला मात्र जाऊ द्यायचा नाही."

परबांची बायको जानकी पदराने डोळे पुसत होती. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

*

महिन्याची बाटली परबांनी पंधरा दिवसांत संपवली. डॉक्टरांनी विचारलं, "एका वेळी किती थेंब घालता?"

"एकच घालतंय. एक ह्या डोळ्यात, एक त्या डोळ्यात."

"अहो, पण डावा गेलाय ना? त्यात कशाला?"

परब एकदम कारागिराच्या आवाजात म्हणाले, "डाक्टरानू, साचो बंद असलो म्हणून तेल घालूचा नाय? गंजतलो ना!"

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तो साचा भंगारात गेला, परब. तेल चालू साच्याला!"

*

ह्या बाबतीत शिकलेल्या माणसांनी हुरळून जायचं कारण नाही. गिरगावचे एक मास्तर होते. वर्षभर एक थेंब चुकला नाही, असं छातीवर हात ठेवून सांगायचे. दाब मात्र काही केल्या उतरेना. शेवटी डॉक्टर म्हणाले, "मास्तर, माझ्यासमोर घाला बघू."

मास्तरांनी मान वर केली, बाटली उघडली, थेंब पडायच्या आधीच डोळा गच्च मिटला, आणि थेंब गालावरून घरंगळत थेट मिशीत!

मी म्हटलं, "डॉक्टर, मिशीचा दाब बघायचा का?"

मास्तर पुढचे दोन सोमवार माझ्याशी बोलले नाहीत. पण खालची पापणी ओढून खळगा करायचा आणि त्यात थेंब सोडायचा, हे माझ्याकडूनच शिकले.

*

एकदा लालबागमध्ये डोळे आल्याची साथ होती. सोमवारी परब आले ते लाल डोळा घेऊन. एकुलता एक डोळा, आणि तो लालभडक! खोदून खोदून विचारलं तेव्हा जानकीने सांगितलं. शेजारच्या काकूंचे डोळे आले होते. घरात डोळ्याचं औषध आहेच, म्हणून हिने त्यांना दोन थेंब घातले. मग त्यांच्या सुनेला. मग पलीकडच्या खोलीतल्या आजोबांना, असं करत सगळ्या मजल्याला. थेंब सोडायची काचेची नळी प्रत्येकाच्या पापणीला टेकवून, आणि तीच नळी मग परबांच्या डोळ्याला!

मी तशीच उठून त्यांच्या चाळीत गेले. सगळा मजला डोकं धरून बसलेला. आमच्या थेंबांनी बुबुळाची बाहुली बारीक होते, कपाळ ठणकतं, दिवसा अंधारल्यासारखं दिसतं. ते आजोबा भिंत चाचपत नळावर निघाले होते.

मी जानकीवर तोंडसुख घेतलं. "हे काय देवळातलं तीर्थ आहे का, सगळ्यांना वाटायला? औषध एकाचं, बाटली एकाची! आणि नळी डोळ्याला टेकवायची नाही, बोटालाही नाही!"

ती हुंदके देत म्हणाली, "बाई, ह्या मजल्यावर मी विरजणाक कोणाक नाय म्हटला नाय. थेंबाक कसा नाय म्हणू?"

जुनी बाटली माझ्यासमोर मोरीत ओतायला लावली आणि नवी दिली. परबांचा डोळा निवळायला आठवडा गेला. तो आठवडा मला अन्न गोड लागलं नाही.

*

आता माझी चूक सांगते. सांगायला हवीच.

चार वेळा थेंब, पण वेळ कळायची कशी? तेव्हा चाळीत घड्याळं किती असणार! मी म्हटलं, सोपं आहे. गिरणीचा भोंगा वाजला की थेंब घालायचा. दिवसभराचे चार भोंगे नेमून दिले. काय सुरळीत चाललं होतं म्हणून सांगू! ज्यांनी गिरणी कधी आतून पाहिली नाही, त्या म्हाताऱ्यासुद्धा भोंग्याला मान वर करून बसायच्या. डॉक्टरांनी चारचौघांत माझी पाठ थोपटली आणि मी चार दिवस हवेत होते.

मग चळवळ पेटली. मोर्चे, हरताळ. गिरण्या ओळीने काही दिवस बंद. दवाखाना उघडला तो सोमवार मी विसरणार नाही. जो येईल त्याचा दाब वर! परबांचा तर असा चढलेला की डॉक्टरांनी दाब मोजायचं यंत्र काढून परत लावून बघितलं.

"थेंब घातले नाहीत का?"

"भोंगोच वाजूक नाय, डाक्टरानू!" परब म्हणाले. "आम्ही वाट बघीत बसलो."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी फरशीकडे.

"बाई," ते म्हणाले, "संप गिरणीचा होता, डोळ्याचा नव्हता!"

मग त्यांनी परबांना काळ्या पडद्यासमोर बसवलं. पडद्यावरून पांढरी टाचणी कडेकडून आत आणायची, दिसली की पेशंटने सांगायचं. त्यावरून नजर किती उरली ते कळतं. त्या दिवशी ती टाचणी कितीतरी आत येईपर्यंत परब गप्पच होते. नाकाच्या बाजूची नजरेची एक फाक गेली होती, आणि ती परत येणार नव्हती. माझ्या हुशारीपायी गेली होती. मी आत जाऊन रडले.

बाहेर आले तर जानकी माझ्या टेबलाशी उभी. एक शब्द वाकडा बोलली नाही. म्हणाली, "बाई, भोंग्याचा सोडा. सकाळचो नळ, दुपारचो डबो, चारची चाय आणि दिवाबत्ती. हे चार मी सांभाळतंय. भोंगो बंद पडता, माझी चूल कधी बंद पडली हा?"

त्या दिवसापासून सगळ्या सोमवारवाल्यांचं वेळापत्रक घरच्या बायकांच्या हाती गेलं. पुढच्या महिन्यात परबांचा दाब उतरला, आणि टाचणी होती तिथेच दिसली. होती तिथेच! आमच्या धंद्यात ह्याला पेढे वाटतात.

*

तरी आमचा पठ्ठ्या परब सत्याग्रहाला गेलाच. पकडलं. जानकी धावत आमच्याकडे आली. "बाई, त्यांची बाटली पोलिसांनी काढून घेतली!" डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि मी चौकीवर गेले. वाटेत काय काय बोलायचं ते घोकत होते.

मिशाळ हवालदार टेबलाशी बसले होते. समोर आमची बाटली, वर उपडी वाटी झाकलेली. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "दवाखान्यातल्या ना? दुपारचा थेंब झाला. चारचाही घातलाय, हात धुऊन. आधी वाटलं होतं ॲसिड आहे. मग ह्यांना म्हटलं, तूच डोळ्यात घालून दाखव."

मी चिठ्ठी पुढे केली. त्यांनी ती वाचलीसुद्धा नाही. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "बाई, उद्या राज्य मिळालं, तर ते बघायला ह्यांना डोळा नको?"

*

आणि राज्य मिळालं! मुंबईसकट मिळालं. त्या संध्याकाळी लालबागच्या नाक्यावर रोषणाई, ढोल-ताशे, मुंगी शिरायला जागा नाही. पुढच्या सोमवारी परबांनी जे सांगितलं ते असं.

जानकीचा हात धरून ते गर्दीत उभे होते. दिवे लागले आणि थेंबाची वेळ झाली. "आज एक दिवस ऱ्हवांदे," ते म्हणाले. थेंब घातला की दिवे मंद दिसणार, आणि आजच तर बघायचे! जानकी ऐकते का? बाटली, पाण्याचा तांब्या, सगळं पिशवीतून आणलं होतं. हात धुतले आणि घातला थेंब.

थेंबानंतर डोळे मिटून, नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून पाच मिनिटं गप्प राहायचं, म्हणजे औषध घशात उतरत नाही, डोळ्यात राहतं. परब तसेच उभे राहिले. डोळे मिटलेले, मान खाली, बोट डोळ्याला. शेजारच्या म्हाताऱ्याने ते पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढली. त्याच्या पलीकडच्याने हात जोडले. कुणीतरी हलकेच म्हणालं, "हुतात्म्यांसाठी!" आणि ते शब्द मागे मागे सरकत गेले. ताशा थांबला, ढोल थांबला. सगळा नाका मान खाली घालून, डोळे मिटून उभा राहिला.

पाच मिनिटांनी परबांनी डोळा उघडला.

"डाक्टरानू," परब म्हणाले, "वर सगळे दिवे लागलेले, खाली सगळ्यांचे डोळे मिटलेले. आणि तेवढ्या गर्दीत तेव्हा दिसत होता ता माका एकट्याक!"