विलासभाऊंचा सोमवारचा अहवाल

विलासभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांचीच फाईल उघडून बसले होते. बुऱ्हाणपूरच्या केळी उत्पादकांच्या आमच्या लहानशा संस्थेत ते आकडेवारीचं काम पाहत, मी शेजारच्या टेबलावर. 

सोमवारचा अहवाल पूर्वी डोकेदुखी असे. निंबोल्यापासून देडतलाईपर्यंतच्या बागांमधून करपा रोगाच्या नोंदी यायच्या. कोणी एक्सेलमध्ये बेरजा करी, कोणी ते आकडे वर्डमध्ये उतरवी. एकदा जुन्याच आठवड्याचा तक्ता शेतकऱ्यांकडे गेला आणि लोकांनी गरज नसताना फवारणी केली. त्या दिवशी भाऊ जेवले नाहीत. मग हट्टाला पेटून त्यांनी सगळं एका साध्या मजकुराच्या फाईलीत आणलं. शीर्षकाआधी हॅश, ठळक शब्दाला दोन्हीकडून तारका, मधेमधे आकडेमोडीच्या सूचना. नव्या नोंदी आल्या की बटण दाबायचं. तक्ते, आलेख, वाक्यांतले आकडेसुद्धा आपोआप बदलणार. वर्डची नटलेली पानं सोडून हे काय सुतकी ध्यान, असं मी चिडवायची. ते हसायचे.

"अगं, उद्या मी नसलो तरी काम रुकायला नाही पाहिजे," ते म्हणायचे. "माझ्यामुळे कोणी फसून नाही राहिलं पाहिजे."

आणि इथे अडकून फसले ती मीच. इंदूरची नोकरी हातात आहे, घरचे मागे लागलेत, नवा सहकारी फाईल शिकून तयार आहे. पण त्याने पहिल्याच दिवशी विचारलं, "मॅडम, फाईलीवरचं विलासभाऊंचं नाव हटवून देऊ ना?" त्याचं काही चुकलं नव्हतं. मी म्हटलं, राहू दे, मी बघते. तेव्हापासून बघतेच आहे. इंदूरकडे मुदत मागत राहते. बटण कोणीही दाबू शकतं, हेच तर माझं दुखणं. कधी भाऊंचाच राग येतो... इतकं चोख काम कशाला करून ठेवलंत?

फाईलीच्या माथ्यावर नाव त्यांनी हाताने टाईप केलंय. तारीख तशी नाही; ज्या दिवशी बटण दाबाल त्या दिवसाची पडते. आज सोमवार. मी बटण दाबलं. वर विलासभाऊंचं नाव, खाली आजची तारीख. अहवाल नेहमीसारखा शेतकऱ्यांच्या ग्रुपवर पाठवला.

थोड्या वेळाने असीरगढकडच्या एका शेतकऱ्याचा मेसेज आला. त्याला कोणी कळवलेलंच नसावं. "विलासभाऊ, या हप्त्यात फवारा मारू का नको?"

मी अहवाल पुन्हा नीट वाचला आणि लिहिलं, "नको."