चांगुणाताई आणि भोकांची वाटी

शिक्रापुरात कंपन्यांचे परदेशी साहेब दोन-तीन वर्षांसाठी येतात, फ्लॅट भाड्यानं घेतात आणि बदली झाली की जातात. रिकामा फ्लॅट धुऊन-पुसून द्यायचं काम आमच्या चांगुणाताईंकडं असतं. स्वयंपाकघरात मागं उरलेलं सामान साहेब त्यांनाच देऊन टाकतात. त्यातल्या निम्म्या वस्तू कशाच्या आहेत हे मला तरी सांगता येत नाही. त्यांना येतं.

एकदा त्यांनी पितळेची एक उभी नळी आणली. मी म्हटलं, फुलदाणी असेल.

"फुलदाणीला तळात भोकं कशाला ठिवतील, ताई?" त्यांनी आत बोट फिरवलं आणि नखात आलेला पांढरा कण मला दाखवला. "तांदळाचं पीठ. वाफंवर शिजवत्यात ह्यात कायतरी." चार दिवसांनी आमच्या दवाखान्यातल्या केरळी नर्सनं ती नळी पाहिली आणि हातातून सोडेच ना.

दुसऱ्यांदा आली सुटकेसएवढी सपाट शेगडी, एका बाजूला गॅसचा छोटा डबा बसवायची. तिच्या चारही कडांवर रश्शाचे शिंतोडे होते. "ही ओट्यावरची न्हाई. टेबलाच्या मधी ठिवून समद्या बाजूनं बसून खात असणार." वस्तू कुठं काळी पडलीय, कुठं हातानं झिजलीय, वास कशाचा येतोय, एवढं त्या बघतात. ओळख पटल्याशिवाय वस्तू कुणाला द्यायची नाही, हा त्यांचा नेम. म्हणून तर लोक त्यांचा शब्द खरा धरतात.

गेल्या महिन्यात एक स्टीलची वाटी आली. तीन पायांच्या चौकटीत बसवलेली, वर फिरवलं की भोकं उघडणारं-मिटणारं झाकण. आत दाबून भरलेला लोकरीसारखा बोळा. वास सॅनिटायझरचा. तो साहेब दाराच्या कड्यासुद्धा सॅनिटायझरनं पुसायचा, त्यामुळं त्या वासाचं चांगुणाताईंना काही वाटलं नाही.

"धूपदाणी हाय," त्या म्हणाल्या. "झुंबरआक्कांना देते. त्यांची मातीची फुटलीय."

झुंबरबाई सणसवाडीच्या. कामगारांना दिलेल्या दहा खोल्या, मागं थोडी शेती आणि दर गुरुवारी दिवेलागणीला घरभर धूप. त्यांच्या एका खोलीत चांगुणाताईंनी लग्नानंतरची सहा वर्षं काढली होती. मंगळवारी वाटी पोचली. आक्का म्हणाल्या, गुरुवारी काढीन.

गुरुवारी दुपारी चांगुणाताई त्याच फ्लॅटमधलं शेवटचं खोकं घेऊन माझ्या व्हरांड्यात बसल्या. आतून जाड बुडाची एक कढई निघाली, सहा लांब काटे निघाले आणि निळसर पाण्याची अर्धी बाटली. कढईच्या बुडाला बरोब्बर वाटीच्या तोंडाएवढं गोल वर्तुळ करपलं होतं. चांगुणाताईंनी ते बोटानं मोजलं. मग बाटलीचं बूच काढून वास घेतला आणि मांडी मोडून उठल्याच.

"ताई, ती धूपदाणी न्हाई. शेगडी हाय. त्या बोळ्यात स्पिरिट मुरलंय. त्याच्यावर निखारा ठिवला तर..."

आक्कांचं देवघर लाकडी. समोर नायलॉनचा पडदा.

फोन केला, उचलला नाही. पुन्हा केला. आक्कांचा फोन दिवसभर चार्जिंगला असतो आणि त्या परसात. आम्ही वडापची जीप पकडली. चौकात ट्रकांची रांग लागलेली. बसून बसून चांगुणाताईंनी शेवटी मला हाताला धरून खाली उतरवलं आणि आम्ही रस्त्याच्या कडेनं निघालो. सणसवाडीपर्यंत त्या एवढंच बोलल्या, "आमच्या घरात मेणबत्ती आन् अगरबत्ती. धूपदाणी मी दुसऱ्यांच्या घरात बघितलेली. भोकं दिसली आन् लगीच नाव ठिवलं."

आम्ही पोचलो तेव्हा परसातल्या चुलीतून आक्का चिमट्यानं निखारे काढत होत्या. वाटी शेजारीच, झाकण उघडून ठेवलेली.

"आक्का, थांबा. त्यात टाकू नका."

"का गं? तूच दिलीस न्हवं?"

"माझं चुकलं. ती धुपाची न्हाई."

दारात खोल्यांमधल्या चार बाया डाळ निवडत बसल्या होत्या. त्यांचे हात थांबले. आक्कांनी चिमटा खाली ठेवला.

"म्हंजी तुलाबी चुकता येतं व्हय? मी तर समद्यांना सांगितलं, चांगुणानं वळखून दिलीय."

"त्यांनाबी सांगते, चुकलं म्हनून." त्यांनी खरंच त्या बायांकडं वळून सांगितलं. मग वाटी लांब दगडावर ठेवली, पदर खोचला, पेटलेली काडी जवळ नेली. भप् झालं. जाळ निळा, उतरत्या उन्हात दिसेल न दिसेल असा, पण वीतभर उंच. धूर नाही, काजळी नाही. आक्कांनी एकदा जाळाकडं पाहिलं, एकदा घरातल्या पडद्याकडं.

चांगुणाताईंनी वाटीवर ताटली झाकली. जाळ विझला.

"सविता, चहा टाक," आक्कांनी सुनेला हाक मारली. मग जरा वेळानं, "आन् एवढ्याशा जाळावर ते लोक शिजवत्यात काय?"

"शिजवत नसतील. कढईत गरम ठिवून काट्यानं बुडवून खात असतील. सहा काटे हायेत."

"पिठलं असंल," आक्का म्हणाल्या आणि बाया हसल्या.

चहा झाल्यावर आक्का आत गेल्या. आता त्या वाटी परत देणार आणि पुन्हा काही घेणार नाहीत, असं मला वाटलं. चांगुणाताईंनाही वाटलं असावं, त्या चपलाच शोधत होत्या. आक्का आल्या त्या माळ्यावरचं एक गाठोडं घेऊन. त्यातून त्यांनी लाकडी मुठीची, दातेरी कडेची लोखंडी चकती काढून चांगुणाताईंच्या हातात दिली.

"सासूबाईंची. चाळीस वरसं झाली, कशाची हाय कुणाला सांगता येईना. बघ बरं."

चांगुणाताईंनी ती उलटीपालटी केली. मुठीवरून अंगठा फिरवला. वास घेतला. ओठांवर काहीतरी आलं होतं, ते त्यांनी गिळलं.

"आज न्हाई सांगत, आक्का. ह्याच्या जोडीचं अजून काय माळ्यावर हाय का, ते आधी बघू."

आक्कांनी सुनेला शिडी आणायला सांगितलं.