इथून वर टू

गळ्याशी आडवा हात धरून ते म्हणत, “इथपर्यंत व्हेरी. इथून वर टू.”

ते म्हणजे करमाडच्या आमच्या शाळेतले इंग्रजीचे सर. मी गणिताचा. सिडको बसस्थानकावरून आम्ही एकाच एसटीनं जायचो. गाडीत माणसं खच्चून भरली की सर गळ्याशी हात लावायचे. कंडक्टरही सवयीचा. “सर, अजून व्हेरीच हाय, सरका आत,” म्हणायचा.

तुम्ही मराठी शाळेत शिकला असाल तर इंग्रजीच्या परीक्षेतला तो ‘too’चा प्रश्न तुम्हाला आठवत असेल: टू काढून वाक्य पुन्हा लिहा. मुलं टू काढायची आणि विसरून जायची. सरांना ते मंजूर नव्हतं. “अरे, लई गोड म्हणजे व्हेरी. पिता येतं. लईच गोड झालं, पिताच येईना, म्हणजे टू!” एवढ्यावर न थांबता ते शाळेच्या मावशींना हाक मारायचे. मावशी दोन ग्लास चहा आणायच्या, एक व्हेरी आणि एक टू. टूमध्ये साखरेचा नुसता चिखल असायचा.

एकदा तपासणीला आलेल्या साहेबांच्या हातात चुकून टूचा ग्लास गेला. साहेब सगळा प्यायले आणि “वा, छान” म्हणाले. सर माझ्या कानाशी लागले, “बघा, साहेब टू सभ्य आहेत. त्यांना खरं बोलता येत नाही.” दुसऱ्या वेळी सरांनी बाक किती मुलांनी भरतो ते दाखवायला घेतलं. बाक मोडला. मुख्याध्यापक धावत आले, तेव्हा सगळा वर्ग आनंदानं ओरडला, “टू!”

पंगतीत जिलबीचा आग्रह झाला, सभेत मुख्याध्यापकांचं भाषण लांबलं, की सर हळूच म्हणणार, “टू काढा.” आम्ही हसायचो. पण माणसानं वेळेवर थांबावं, हे त्यांना मनापासून वाटत होतं.

निवृत्तीच्या दिवशी एसटीत ते मला म्हणाले, “मला एक कप चहा द्या आणि चार वाक्यं बोलू द्या. मावशींबद्दल बोलायचंय. दर सत्काराला शालींचं तबक त्या धरतात. त्यांच्या अंगावर आजवर कुणी शाल घातली नाही. माझा निम्मा टू त्यांनी शिकवला. हे एकदा माइकवरून सांगायचंय.”

एप्रिलचं ऊन. मांडवात पंखा फक्त पाहुण्यांकडे तोंड करून. शाळेनं शाल घातली. मग ग्रामपंचायत आली, दूध डेअरी आली, भजनी मंडळ, बचत गट, माजी विद्यार्थी आणि ज्यांचा शाळेशी काही संबंध नव्हता असे दोन गॅरेजवाले. तुम्ही आमच्याकडचे असाल तर जाणताच, एकानं शाल घातली की दुसऱ्याला राहवत नाही. आणि कुणाची शाल काढून बाजूला ठेवणं म्हणजे त्याचा अपमान! प्रत्येक शाल तबकातून उचलली जायची आणि सर थोडे अधिक जाड व्हायचे. मला दिसलं, त्यांनी गळ्याशी हात न्यायचा प्रयत्न केला. पण हात शालींच्या तळाशी अडकला होता. वरून हार आले आणि तोंड झाकलं गेलं. चष्मा तेवढा राहिला.

अखेर सर बोलायला उठले. हारातून “हुं हुं” असा आवाज आला.

“सरांना भरून आलंय!” मुख्याध्यापक माइक ओढून म्हणाले. “ते बोलू शकत नाहीत. आपण भावना समजून घेऊ.” लोकांनी डोळे पुसले. राष्ट्रगीत झालं, कार्यक्रम संपला.

सर व्यासपीठावरून उतरले. मांडवाच्या कोपऱ्यात रिकामं तबक घेऊन मावशी उभ्या होत्या. सरांनी कशीबशी वरची शाल सोडवली आणि त्यांच्या खांद्यावर टाकली.

“अहो सर, मला कशापायी? लोकं बघत्यात.”

“बघू द्या. माझी चार वाक्यं होती. ती यात आली.”

मावशी तबक छातीशी धरून रडल्या. मीही रडलो, लपवायचं काय त्यात.

त्यानंतर सर अधूनमधून शालींची पिशवी घेऊन करमाडच्या फाट्यावर यायचे. “टू काढायला आलो,” म्हणायचे आणि ज्याला गरज दिसेल त्याच्या अंगावर एक शाल टाकून पुढच्या एसटीनं परत जायचे. भाषण नाही, फोटो नाही. दिवाळीनंतर ते गेले. झोपेतच. निरोपही लांबवला नाही.

या जानेवारीत सकाळी फाट्यावर उतरलो तर चहावाला जरीकाठी शालीत, पंक्चरवाला जरीकाठी शालीत. पंक्चरवाल्याची शेळीसुद्धा भजनी मंडळाची शाल पांघरून पाला खात होती. बघून हसू आलं. मग सरांची इतकी आठवण आली, की चहा तसाच राहिला.

शाळेत मावशी घंटेपाशी उभ्या होत्या. शाल अंगावर. दुपारी ऊन चांगलंच तापलं तरी तशीच. मी म्हटलं, “मावशी, काढा की आता. उकडत नाही का?”

त्यांनी गळ्याशी आडवा हात धरला.

“उकडतंय की. पर अजून व्हेरीच हाय, सर,” म्हणाल्या, आणि घंटा द्यायला वळल्या.