टेबलाजवळची जादा खुर्ची

अंधेरीतल्या आमच्या आयटी कंपनीत तो माझ्या शेजारी बसतो. काम टेस्टिंगचं, म्हणजे दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्याचं. काहीही विचारलं की आधी चष्मा पुसतो, मग म्हणतो, "बघूया ना."

गेल्या वर्षी त्याला बोनस मिळाला, स्टेजवर बोलावून काचेची ट्रॉफीही दिली. ट्रॉफी त्याने ड्रॉवरमध्ये टाकली आणि कामाला लागला. मग एकदा आमच्या मोठ्या मॅडम स्वतः त्याच्या टेबलापाशी आल्या. म्हणाल्या, "ही चूक तुम्हाला सापडली कशी? मला दाखवा ना." त्याने आपली खुर्ची त्यांना दिली आणि तासभर उभ्याने समजावलं. दुसऱ्या दिवशी मीटिंग रूममधून एक जादा खुर्ची आणून त्याने टेबलाजवळ ठेवली.

पुढे मॅडम नोकरी सोडून गेल्या. नवे साहेब शाबासकी म्हणून त्याला मेलवर गिफ्ट व्हाउचर पाठवतात.

परवा मी त्या खुर्चीवर बॅग ठेवली. त्याने ती उचलून शांतपणे माझ्या हातात दिली. "कोणी विचारायला आलं तर बसणार कुठे रे?"

तीन वर्षं मी त्याच्या शेजारी आहे. त्या खुर्चीवर एकदाही बसलेलो नाही.